भोंगेमामांचं बिनकाट्याचं घड्याळ

आमच्या गल्लीतले भोंगेमामा डाव्या मनगटावर एक घड्याळ बांधतात. त्याला काटे नाहीत. पांढरी तबकडी आहे, आकडे आहेत, मधोमध एक बारीकशी खुंटी आहे, पण काटा एकही नाही. कुणी नवखा माणूस विचारतो, "मामा, किती वाजले?" मामा मोठ्या रुबाबात मनगट वर करतात, तबकडीकडे बघतात, हात खाली करतात, मग खिशातून मोबाइल काढतात आणि त्यात बघून वेळ सांगतात. "मग हे घड्याळ कशाला?" असं तो माणूस विचारतोच. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं असतं.

"हे टाइम पाहाची घडी नाई, बाप्पा. हे कान पाहाची घडी हाये."

आमच्या रिसोडात कानात इअरफोन घालून फिरणाऱ्या झाडून सगळ्या पोरापोरींना याचा अनुभव आहे. आपण आपल्या नादात चाललेलो असतो आणि मागून खांद्यावर दोन टिचक्या पडतात. वळून बघावं तर पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि नाकावर घसरलेला चष्मा. मामा इअरफोनला बूच म्हणतात. ते बूच स्वतःच्या हातानं उपटतात, मनगट पोराच्या कानाला लावतात आणि बसस्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात विचारतात, "आली का टिकटिक?" पोरगं दचकून म्हणतं, "आली." मग दुसरा कान. "आली?" "आली." "जाय मंग. बटन मांगं घे." म्हणजे आवाज कमी कर.

मी शाळेत शिकवते. रोज सकाळी जीपमध्ये स्वतःला कोंबून एका खेड्यात जाते आणि संध्याकाळी तशीच कोंबून परत येते. दिवसभर लेकरांचा गोंगाट, जाता-येता जीपवाल्याची गाणी, घरी आल्यावर कुकर. माझ्या कानांना जी काही विश्रांती मिळते ती सकाळी भोंगेमामा उठेपर्यंतच. ते उठले की ओट्यावर उभे राहून समोरच्या घरातल्या माणसाशी बोलतात. समोरच्या घरातला माणूस मागच्या अंगणात असला तरी त्याला ते ऐकू जातं. मामांना हळू बोलता येत नाही, हे गल्लीनं केव्हाच मान्य केलं आहे. मीही केलं. थकलेल्या माणसाला बरंच काही मान्य करता येतं.

मामांचं खरं नाव गुलाबराव. पण त्या नावानं त्यांना फक्त बँकेत हाक मारतात. एकेकाळी त्यांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, भागवत सप्ताह असो, निंबाच्या झाडावर मामांचे भोंगे चढलेच पाहिजेत. एक भोंगा नवरीच्या घराकडे तोंड करून आणि एक शेजारच्या गावाकडे, म्हणजे ज्यांना बोलावलं नाही त्यांनाही लग्न आहे हे कळावं. माझ्या स्वतःच्या लग्नातली मंगलाष्टकं मामांच्याच भोंग्यातून झाली. त्यानंतर कितीतरी दिवस आपल्या कानात भटजी होते, असं माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या.

तर अख्ख्या तालुक्याचे कान ज्यानं हयातभर दणाणून सोडले, तोच माणूस म्हातारपणी पोरांच्या कानांचा कैवारी झाला. हे कुणी तोंडावर बोलून दाखवलं तर मामा चिडत नाहीत. "म्हनूनच त सांगून राह्यलो," म्हणतात. "आमचा भोंगा झाडावर होता. तुमचा त कानातच घुसला."

त्या धंद्यात मामांची एक पद्धत होती. भोंगा साफ वाजतो की खरखरतो हे बघायला ते आपला उजवा कान थेट भोंग्याच्या तोंडाशी लावत. सगळे लांबून ऐकतात, मामांना ते पटायचं नाही. आता भोंगा वाजत असताना जवळ बोलून उपयोग नसतो, म्हणून मामा आणि त्यांची बायको गोदामामी बोटांनी बोलत. मामी मशीनच्या टेबलाशी बसायच्या. त्यांच्या हातात चावीचं एक पुरुषी घड्याळ असायचं, कारण मुहूर्ताची वेळ सांभाळणं त्यांच्याकडे होतं. मामांच्या अंगावर एक टिचकी म्हणजे बंद कर, मुहूर्त आला. दोन टिचक्या म्हणजे आवाज कमी कर. मी लहानपणी इथे रिसोडला आजोळी लग्नाला आले की नवरा-नवरी सोडून या दोघांकडेच बघत बसायची. एवढ्या कल्लोळात दोन माणसं एक शब्द न बोलता अख्खं लग्न पार पाडायची.

पुढे डीजेच्या गाड्या आल्या आणि मामांचे भोंगे माळ्यावर गेले. मामींच्या हातून ते घड्याळ एकदा फरशीवर पडलं, काच फुटली, काटे निसटले. बाजारातले घडीसाज सलीमभाई यांनी नवी काच बसवली आणि काटे अकोल्याहून मागवतो म्हणाले. काटे यायच्या आत मामी आजारी पडल्या, आणि त्या आजारातून उठल्या नाहीत. तेव्हापासून ते घड्याळ मामांच्या मनगटावर आहे आणि मामांनी ते कुणाच्या हाती दिलेलं नाही. मुलगा पुण्याला असतो. रविवारी त्याचा फोन येतो. मामा ओट्यावर बसून मोठ्यानं "हो, हो, बरं, बरं" करतात आणि फोन ठेवतात.

मामांचं एक वाक्य आमच्याकडे तान्ह्या लेकरालाही पाठ आहे. "सारं भाड्यानं भेटते, कान भाड्यानं भेटत नाई." हयात भाड्याच्या धंद्यात गेल्यामुळे जगातल्या वस्तूंचे त्यांनी दोनच भाग केले आहेत, भाड्यानं मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या. "मंडप भेटते. खुर्च्या भेटते. गाद्या भेटते. नवरदेवाचा घोडा भेटते. माणूस कमी पडला त वऱ्हाडी बी भेटते. कान आना बरं कुठून आनता?" हे ते बँकेच्या रांगेत बोलतात, दवाखान्याच्या रांगेत बोलतात आणि एकदा रास्त भावाच्या दुकानासमोर इतकं रंगात येऊन बोलले की त्यांचा नंबर निघून गेला.

घोड्यावरून आठवलं. डीजे लागलेल्या वरातीत मामा खिशात कापूस घेऊन जातात. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. वऱ्हाड्यांना ते अत्तराचा फाया द्यावा तसे कापसाचे बोळे वाटतात आणि बहुतेक लोक पुढे जाऊन टाकून देतात. गेल्या वर्षी एका वरातीत त्यांनी पाहिलं की नवरदेवाची घोडी आवाजानं थरथरते आहे. "हिले कोनी पुसलं काय?" म्हणून त्यांनी बोळे थेट घोडीच्या कानात कोंबले. घोडीवाला धावून आला. शिवीगाळ झाली, वरात थांबली, नवरदेव वरून "मामा, राहू द्या, मामा, राहू द्या" करत राहिला. पण वरात पुन्हा निघाली तेव्हा घोडी अशी शांत चालली की नवरदेवाला फेटा सावरायला दोन्ही हात मोकळे मिळाले. आता तो घोडीवाला हंगाम आला की स्वतःच मामांकडे कापूस मागायला येतो. माणसांनी अजून तेवढं मानलेलं नाही.

पोरांनी तर मामांवर उपाय शोधून काढला होता. ट्यूशनच्या कोपऱ्यावर संध्याकाळी मामा दिसले की पोरं लांबूनच ओरडायची, "आली, मामा, आली!" घड्याळ कानाला लागायच्या आधीच टिकटिक ऐकू यायची. मोटरसायकलवरून जाताजाता यायची. मामा हात वर करून म्हणायचे, "शाब्बास!" त्यांचा चेहरा इतका खुलायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटायचं. मीही ते बघायची आणि भाजीची पिशवी सावरत पुढे जायची.

आता माझ्या घरातलं सांगते. माझी मुलगी प्राची यंदा दहावीला आहे. तिच्या कानात बूच नाही असा तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. अभ्यास करताना बूच, जेवताना बूच, अंथरुणात बूच. मी हाक मारते. परत मारते. मग तिच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर उभी राहते. ती एका कानातलं बूच काढून म्हणते, "काय झालं मम्मी, ओरडतेस कशाला?" दिवसभर चाळीस लेकरांना हाका मारून आलेल्या बाईला हे विचारलं जातं. मी भांडणं सोडून दिलं होतं. स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा मेसेज मोबाइलवर पाठवायला लागले होते, यावरून काय ते समजावं.

प्राचीचा एक गुण म्हणा, खोड म्हणा, ती तोंडावर बोलते. आत्याला "भाजी खारट आहे" असं पंगतीत सांगणारी पोरगी. त्यामुळे एका संध्याकाळी मामांनी तिला आमच्या फाटकाशी गाठलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं.

दोन टिचक्या पडल्या. बूच निघालं. घड्याळ कानाला लागलं.

"आली का टिकटिक?"

"नाही."

मामांना तिच्या मानेवरून कळलं असावं. मग त्यांनी दुसऱ्या कानाला लावलं. प्राचीनं परत मान हलवली. मामांनी घड्याळ मनगटावरून सोडलं आणि तिच्या कानावर घट्ट दाबून धरलं.

"मामा, खरंच काहीच येत नाही," प्राची म्हणाली, आणि आता तिचाही आवाज बारीक झाला.

मामांचा चेहरा उतरला. ते आत आले. गुपचूप सांगायचं म्हणून माझ्या अगदी जवळ येऊन वाकले आणि म्हणाले, "बाई, पोरीचे कान गेले!"

हे अर्थातच अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पोळी तव्यावर असतानाच माणसं यायला लागली. कुणी लसूण घालून कढवलेलं तेल आणलं, कुणी कुठल्याशा बाबाचा पत्ता दिला. कुणी प्राचीच्या मागे उभं राहून चुटक्या वाजवल्या आणि तिनं वळून बघितल्यावर "थोडं थोडं येते वाटते" असा निकाल दिला. प्राची खोलीत जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिच्या कानात बूच नव्हतं.

"मम्मी, झोपायच्या वेळी कधी कधी माझ्या कानात शिट्टी वाजते," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही, कारण तू मोबाइल काढून घेतला असतास."

मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मामा दारातच उभे होते. "बारीक आवाज आधी जाते, बाई," ते म्हणाले. "मोठा आवाज येत राह्यते, म्हनून मानसाले समजत नाई. उद्याच वाशीमले न्या." मी शाळेत रजा कळवली.

सकाळी आम्ही मायलेकी बसस्टँडवर पोचलो तर मामा आधीच तिथे. धुतलेला सदरा, मनगटावर घड्याळ. "तुम्ही कशाला त्रास घेता?" असं मी बोटांच्या खुणांसकट विचारलं. "म्याच त शोधून काढलं ना," ते म्हणाले. वाशीमच्या बसमध्ये मामा गप्प असलेले मी पहिल्यांदाच पाहिले. ड्रायव्हरच्या मागे एक पोरगा मोबाइलवर मोठ्यानं व्हिडिओ लावून बसला होता. एरवी मामांनी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी ते सारखे प्राचीकडे बघत होते आणि अंगठ्यानं घड्याळाची चावी फिरवत होते.

कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीची एक छोटी बंद खोली असते. बाहेरचा आवाज आत येत नाही. तिथे काम करणाऱ्या मुलीनं प्राचीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कानांवर भलेमोठे हेडफोन चढवले. ते बघून मामा दारातूनच गरजले, "हे पाहा! इथं बी बूच!" त्यांना समजावून बाकावर बसवावं लागलं. आत बारीक बारीक आवाज वाजत गेले आणि ऐकू आला की प्राची बटण दाबत गेली. मला काचेतून फक्त तिचा अंगठा दिसत होता. तो हलला की मी एक आवाज मोजायची, थांबला की काचेला नाक लावायची.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "कान ठीक आहेत. सध्या ठीक आहेत." मग प्राचीकडे वळून म्हणाले, "पण ती शिट्टी म्हणजे कान कुरकुरायला लागलेत. आवाज निम्म्याच्या खाली ठेव. मधे मधे कानांना सुट्टी दे. झोपताना कानात काहीही नको. गेलेला कान परत येत नाही."

मामा जे वर्षानुवर्षं बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असं सांगत होते तेच डॉक्टर हळू आवाजात बोलले. मी खुर्चीत सैल होऊन बसले. रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं. मामांना मात्र काही पटेना. मी त्यांना खुणेनं सांगितलं की पोरगी ठीक आहे, तर ते उठून उभे राहिले.

"ठीक कशी हाये? घडी त आयकू येत नाई तिले!"

त्यांनी घड्याळ सोडून त्या तपासणीच्या मुलीच्या हातात दिलं. तिनं हसत ते कानाशी नेलं आणि तिचं हसू थांबलं. "आजोबा, हे बंद आहे," ती म्हणाली.

"आली ना टिकटिक?" मामांनी विचारलं.

"बंद आहे, आजोबा," ती मोठ्यानं म्हणाली.

मामा माझ्याकडे बघून हसले. "काय म्हनते ते?"

मी तिच्या हातातून घड्याळ घेतलं आणि त्या बंद खोलीत जाऊन कानाला लावलं. तिथे मला माझ्या बांगड्यांचा आवाज आला, साडीची सळसळ आली. घड्याळातून काही आलं नाही. मी बाहेर आले. मामा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला काही ओरडून सांगणं मला जमेना. मी त्यांच्या खांद्यावर एक टिचकी मारली. एकच.

मामांना समजलं.

ते बाकावर बसले. बराच वेळ घड्याळ तळहातावर ठेवून बघत राहिले. "चावी त रोज देतो म्या," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "कवापासून बंद हाये?"

याचं उत्तर कोण देणार? रिसोडातल्या प्रत्येक पोरानं त्यांना "आली" म्हणून सांगितलं होतं.

मग मामा बोलायला लागले, आणि त्यांच्या मानानं ते हळू बोलणं होतं. "उजवा कान त भोंग्यानंच नेला, बाई. डाव्यानं आयकू येत होतं. सकाळी चावी देली का कानाले लावत होतो. घरात दुसरं आवाज करनारं कोन हाये आता? मंग एक दिवस तेबी येईना. म्या म्हटलं, कान गेला माहा. घडी चालूच असन. चावी त देतो ना रोज. मंग पोट्ट्यायले पुसाले लागलो. त्यायच्या कानाची काळजी होतीच, खोटं कायले बोलू? पन कोनी 'आली' म्हनलं का मले बरं वाटे. चला, चालू हाये. गोदाची घडी चालू हाये."

"आणि प्राची नाही म्हणाली तेव्हा?" मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लय भेव वाटलं. पोरीचे कान गेले म्हनून भेव वाटलं. का घडी गेली म्हनून वाटलं? माहं मलेच समजलं नाई. म्हनून त आलो सोबत."

प्राची भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "मम्मी, मी 'येते' म्हणायला पाहिजे होतं का?" मी शाळेत लेकरांना खरं बोला म्हणून शिकवते आणि तिथे मी तिला नुसतं जवळ ओढून घेतलं. मला फार वाईट वाटत होतं, एवढं खरं.

डॉक्टरांनी मामांचेही कान तपासले. कानाला मशीन लावलं तर माणसांचं बोलणं ऐकू येईल, घड्याळाच्या टिकटिकीइतका बारीक आवाज मात्र येईलच असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मामा म्हणाले, "जनमभर लोकायले मशीन म्या लावली. आता मलेच लावता काय? पोराले पुसून सांगतो." पुढच्या रविवारी फोन आला आणि मामांनी त्यावर "हो, हो, बरं, बरं" केलं. तेव्हा प्राचीनं सरळ त्यांच्या हातातून फोन घेतला आणि पुण्याच्या मुलाला म्हणाली, "काका, त्यांना तुमचं काहीच ऐकू येत नाही. केव्हापासून येत नाही. तुम्ही या." तो दिवाळीत येणार होता, ते सोडून त्याच आठवड्यात आला. मशीनचं माप देऊन झालं आहे.

घड्याळ मामांनी सलीमभाईंकडे नेलं. मीच सोबत होते. सलीमभाईंनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि मामांच्या डाव्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "मामा, इसमें तो आटा भरा है." गोदामामी घड्याळ हातात ठेवूनच कणीक मळायच्या. काच फुटली तेव्हा आत गेलेलं पीठ इतकी वर्षं तिथेच होतं आणि शेवटी त्यानंच यंत्र अडवलं. सलीमभाईंनी ब्रश उचलला तर मामांनी त्यांचा हात धरला. "पीठ राहू दे ना." सलीमभाई म्हणाले, पीठ ठेवलं तर घडी चालणार नाही. यावर दोघांची बरीच हुज्जत झाली. मामा हुज्जत घालतात म्हणजे बाजारातलं निम्मं गिऱ्हाईक तिथे गोळा झालं. शेवटी सलीमभाईंनी ते चिमूटभर पीठ एका कागदात झाडलं, पुडी बांधली आणि मामांच्या हातात दिली. काटे बसवू का, असंही विचारलं. मामा म्हणाले, "काटे नको. टाइम पाहाले मोबाइल हाये."

घड्याळ चालू झालं. मी ऐकलं, सलीमभाईंनी ऐकलं.

ट्यूशनच्या कोपऱ्यावर आता लांबून "आली" म्हणून चालत नाही. प्राचीनं सगळ्यांना दम भरला आहे. "खोटं काहून बोलता रे? त्यायले खरंच पाह्यजे असते." ती चिडली की तिची पुस्तकी भाषा गळून पडते. आता पोरं गाडी बंद करतात, बुचं काढतात, आजूबाजूच्यांना गप्प करतात आणि डोळे मिटून ऐकतात. एकाच्या तपासणीला इतका वेळ लागतो की ट्यूशनचे सर बाहेर येऊन बघतात. परवा एका पोरानं बराच वेळ ऐकून "नाही येत" म्हणून सांगितलं. मामांनी शाब्बास म्हटलं नाही. त्याला बाजूला घेऊन बसले आणि मग त्याच्या घरी गेले.

प्राचीचे कान पूर्ण सुधारले असं मी म्हणणार नाही. बूच अजून आहे. पण रात्री ते टेबलावर असतं आणि दुसऱ्या हाकेला ओ मिळते. माझ्यासारखीला एवढं पुष्कळ झालं.

काल सकाळी मी जीपच्या घाईत होते. डबा भरला, कुलूप शोधलं, बाहेर आले तर प्राची मामांच्या ओट्यावर बसली होती. तिनं दोन्ही बुचं काढून मांडीवर ठेवली होती आणि मामींचं घड्याळ कानाला लावलं होतं. मामा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"चालू हाये?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. पण मामांचं तेवढ्यावर समाधान झालेलं दिसलं नाही, ते बघतच राहिले. तेव्हा प्राचीनं त्यांचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि एका बोटानं त्यावर टिकटिक वाजवायला लागली. कानाला घड्याळ आणि बोट मामांच्या तळहातावर. ते घड्याळ फार भरभर चालतं, तिचं बोट पुरेना. तरी ती वाजवत राहिली.

मामांनी डोळे मिटले. रस्त्यावर माझी जीप येऊन हॉर्न देत होती, तो त्यांना ऐकू आला नाही.

"माय," ते म्हणाले, "जरासा आवाज वाढव."

प्राचीनं बोट आणखी जोरात दाबलं.